वहिनीचा एक एकर

गावात शेतीचं प्रशिक्षण आहे हे वेशीवरूनच कळतं. मारुतीच्या देवळापुढे सतरंजी अंथरलेली असते, दोन खांबांना बॅनर ताणलेलं असतं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि शाल-नारळ. अकराची वेळ दिलेले साहेब साडेबाराला येतात. मग सत्कार, सत्काराला उत्तर आणि त्यानंतर बीजप्रक्रियेवर एक भाषण. किलोला अमुक ग्रॅम, दहा लिटरला तमुक मिली असे आकडे त्यात इतक्या वेगाने पडतात की लिहून घेणारा दुसऱ्याच ओळीला पेन खाली ठेवतो. शेवटी चहा, बॅनर मागे दिसेल असा फोटो आणि हजेरीपटावर सह्या. सगळ्या सह्या पुरुषांच्या. ज्या सोयाबीनबद्दल हे सगळं चाललेलं असतं, त्या सोयाबीनमध्ये त्याच वेळी बायका खुरपत असतात.

या सतरंज्या मी लहानपणापासून बघत आले. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. लग्नानंतर लातूर शहरात आले, पण गाव तासाभरावर, त्यामुळे सुटले नाही. प्रशिक्षणांतून कुणी काहीच शिकलं नाही, असं मी म्हणणार नाही. माझा दादा ठिबक तिथेच शिकला, आणि पेरणी रुंद सरी-वरंब्यावर केली तर जास्त पावसात मुळं सडत नाहीत हेही तिथेच पहिल्यांदा ऐकलं. तरी एक गोष्ट मला नेहमी खटकायची. बियाण्याला औषध चोळणारे हात घरातल्या बाईचे, तण कोणतं आणि रोप कोणतं हे बोटांनी ओळखणारी ती, रास झाल्यावर पाखडून बी बाजूला काढणारी ती. आणि शिकवलं जाणार दादाला, जो घरी येऊन चहा पिताना त्यातलं निम्मं सांगणार आणि निम्मं विसरणार.

आमच्या आठ एकरांत बाबांच्या काळी खरिपाला संकरित ज्वारी असायची, मधून तुरीच्या ओळी, वेगळ्या पट्ट्यात मूग आणि उडीद, कडेने अंबाडी. रब्बीला मालदांडी ज्वारी, हरभरा, आणि रानाच्या चौफेर करडई. करडई काटेरी असते, जनावरं आत शिरत नाहीत, आणि घरचं तेलही निघतं. माजघरातल्या बळदात वर्षाचं धान्य असायचं. त्याचं झाकण उघडलं की येणारा उबट वास मला अजून आठवतो. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि पाहता पाहता बांधापासून बांधापर्यंत तेच झालं.

सोयाबीनला नावं ठेवायची आता पद्धत पडली आहे. मला ते बरोबर वाटत नाही. शंभर दिवसांत येणारं, दिवाळीच्या तोंडावर हातात रोकड देणारं आणि मागे हरभऱ्याला रान मोकळं करून देणारं दुसरं पीक कुणी दाखवलं का? लातूरच्या आडतीवर पोतं टाकलं की पैसे. दादाच्या दोन्ही मुलांची शिक्षणं त्याच्यावर झाली. पण सोयाबीन घरात कुणी खात नाही. त्यातला पाचवा हिस्सा तेल, ते गिरणीचं, आणि उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला. आठ एकर कसणाऱ्या आमच्या घरात तुरीची डाळ किलोकिलोने दुकानातून यायला लागली, तेलाचे पाऊच यायला लागले, आणि बळदात जुन्या गोधड्या गेल्या.

मला याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो येळवसाला. लातूर-धाराशिवच्या माणसांना येळवस समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे गावं ओस पडतात, सगळं गणगोत रानात. कडब्याची कोप करतात, तिच्यात पांडव मांडून पूजा होते, आणि मग जेवण: अंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर आणि भज्जी. या भज्जीला दुसरी भाजी तोड नाही. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असेल ते तिच्यात पडतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे सोलाणे, मेथी, वांगं, गाजर, वर चिंचेचा कोळ आणि बेसन. म्हणजे भज्जी चाखली की त्या घराच्या रानात काय काय आहे ते जिभेलाच समजतं. तर एका वर्षी या भज्जीचं सगळं सामान आदल्या दिवशी लातूरच्या भाजीबाजारातून विकत घेऊन मी रानात नेलं होतं. आईने पिशवी हातात घेतली, आत बघितलं आणि काही बोलली नाही. आई न बोलणाऱ्यातली नाही.

पुढची गोष्ट माझ्या वहिनीची आहे, पण तिची एकटीची नाही. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. घर कसं मजबूत करायचं, सरकारी मदतीचा हप्ता कशाला वापरायचा हे घरोघरी समजावून सांगायचं काम त्यांनी केलं. या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर-उस्मानाबादकडे रुजली. पुढे दुष्काळ आले. २०१२ पासूनची ती चार-पाच वर्षं आठवली तरी घशाला कोरड पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या काळात या संस्थेच्या बायकांनी एक मागणी पुढे रेटली, आणि ती इतकी साधी होती की कुणाला आधी तिचं वजनच कळलं नाही. नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे रानाचा एक तुकडा मागायचा. अर्धा एकर, फार तर एक एकर. त्यात काय पेरायचं, किती विकायचं, किती घरात ठेवायचं हे बाईने ठरवायचं. पीक एक नाही, अनेक. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी. खत शक्यतो घरचं. आधी घरच्या ताटात, उरलं तर बाजारात. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. प्रेमाताई २०२२ साली गेल्या.

आमच्या गावात ही गोष्ट अशी कानोकानीच आली. वहिनीच्या बचत गटातली एक बाई, तिचं माहेर धाराशिवकडचं. तिची भावजय असा एकर करत होती. ती दोन दिवस पाहुणी आली आणि गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करायचं राहिलं बाजूला, तिच्याभोवतीच सगळ्या बसल्या. ती काही साहेबीण नव्हती. मुगाच्या शेंगा तोडून काळवंडलेली बोटं दाखवत बोलत होती. मी मानते की ज्ञान पुस्तकातून येतं, विद्यापीठातून येतं. पण ‘माझ्या रानात आलं, तुझ्याही येईल’ हे जे वाक्य असतं, ते एका बाईनेच दुसरीला सांगावं लागतं.

वहिनीने रात्री जेवताना विषय काढला. दादाचं पहिलं म्हणणं हिशोबाचं.

“एक एकर म्हनजे आठातला आठवा हिस्सा झाला की.”

“आन् खुरपनीत माझा आठवाच हिस्सा असतो का?”

आई हसली, म्हणून दादालाही हसावं लागलं. मिळाला एकर. कुठला? ओढ्याच्या पलीकडचा, बरड, ज्यात सोयाबीन गुडघ्याला लागत नव्हतं तो. बायकांना बहुतेक ठिकाणी असाच तुकडा मिळतो हे मला नंतर इतर गावांत हिंडताना कळलं. जे रान नवऱ्याला नको, ते बायकोच्या प्रयोगाला.

तर शिकणं सुरू झालं ते पोत्याच्या तुकड्यापासून. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, पंचनामे झाले, वर्तमानपत्रं भरली. पण ज्याला दुबार पेरणी करावी लागली त्याचं वर्ष गेलं ते गेलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बचत गटाने उगवण तपासायचं ठरवलं. पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. पोत्याचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचं. शंभरातले सत्तर किंवा जास्त चांगले उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर त्या मानाने बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी असले तर ते पोतं सरळ आडतीला घालायचं.

गुंडाळ्या उघडल्या त्या दिवशी मी गावातच होते. आमच्या ओसरीवर सात-आठ घरांच्या गुंडाळ्या ओळीने पडल्या होत्या, प्रत्येकीला चिंधी बांधून खूण केलेली. मोजताना भांडणं. हा मोड आलाय पण वाकडा आहे, हा धरायचा का? हा नुसता फुगलाय. वाकडा, कुजका, अर्धवट मोड धरायचा नाही असं ठरलं. एका घरचं बी एक्क्याऐंशी भरलं. मोठ्या जमिनीच्या एका घरचं अठ्ठेचाळीस. त्या घरची सून कानकोंडी झाली, तेव्हा म्हातारी चुलती म्हणाली, “मळणी यंत्राचा फेरा जास्त ठिवला आसंल तुमच्या गड्यानं.” म्हातारीचं बरोबर होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं, मळणी यंत्र जोरात फिरलं की त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा जातात. पोतं उंचावरून आपटलं तरी तेच. म्हातारी शाळेत गेली नव्हती. पण तिने आयुष्यभर ज्वारीची कणसं निवडून, राख लावून, मडक्यात बी ठेवलेलं. सोयाबीनचं बी दुकानातून येऊ लागलं तेव्हा तिचं हे शास्त्र बिनकामाचं झालं, आणि कुणी तिला काही विचारेनासं झालं. त्या दिवशी पहिल्यांदा लोक तिला विचारत होते. सोयाबीन हे आपल्याच फुलात फळणारं पीक, सरळ वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. दर वर्षी नवी पिशवी आणायची गरज नसते, ही गोष्ट त्या ओसरीवर जितकी पक्की बसली तितकी कुठल्याच बॅनरखाली बसली नसती.

मग शेतीशाळा. ही कल्पना मूळची इंडोनेशियातली. तिथे भातावर तुडतुडे मारायला इतकं औषध फवारलं गेलं की तुडतुडे खाणारे कोळी आणि किडेच मेले, आणि तुडतुडे उलट आणखी वाढले. १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतातच भरणाऱ्या शाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकरी, हंगामभर, ठरलेल्या दिवशी सकाळी शेतात जातात, झाडं बघतात, किडे मोजतात, बघितलेलं मोठ्या कागदावर काढतात आणि मग सगळे मिळून ठरवतात की फवारायचं की नाही. आपल्याकडेही कृषी विभाग शेतीशाळा घेतो. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत त्या भरल्या, काही खास बायकांच्या. सरकारच्या उमेद या बचत गटांच्या अभियानातल्या कृषी सखी, म्हणजे शेतीचा सल्ला देणाऱ्या गावातल्याच बायका, याही आता बऱ्याच गावांत आहेत.

आमच्या गावच्या बायकांच्या शाळेला शिकवायला आलेली मुलगी कृषी पदवीधर, पंचविशीची. तिने पहिल्याच दिवशी एक चांगलं केलं, वेळ विचारली. बायका म्हणाल्या, सकाळी नको, भाकरी असतात. दुपारी नको, खुरपणी असते. मग संध्याकाळी पाचला, खुरपणीच्याच रानात. ज्या सोयाबीनमध्ये काम चाललं होतं तिथेच खुरपी ठेवून दोन ओळींमध्ये बसायचं. सतरंजी नाही, काही नाही.

तिने विचारलं, झाडांत काय वेगळं दिसतं? गप्प. मग एकीने शेंडा वाळलेलं एक झाड दाखवलं, “ही आशी वाळत्यात. देठाला कडं घातल्यावानी आसतंय.” मुलीने ते देठ हातात घेतलं. खरंच, एकाखाली एक दोन गोल खाचा, बारीक सुरीने कोरल्यासारख्या. तिने नखाने देठ उभा चिरला. आत पिवळसर, पाय नसलेली अळी. चक्रीभुंगा. मादी त्या दोन खाचांच्या मध्ये अंडी घालते, वरचा भाग सुकतो, अळी खोडात उतरून आतून पोखरते. सुरुवातीलाच तो देठ खाचेच्या खालून तोडून नष्ट केला तर पुढचं नुकसान टळतं, औषधाचा खर्चही वाचतो. आता बघा, ही कडी रोज खुरपताना सगळ्या बायका बघत होत्या. मोडून टाकत मात्र नव्हत्या, कारण कुणी सांगितलं नव्हतं. आणि फवारणी ठरवणारे घरचे पुरुष झाड इतक्या जवळून बघत नाहीत, त्यांना शेंडे वाळल्यावर दिसतं. दोन अर्धी ज्ञानं एकाच घरात, एकाच ताटाला जेवत होती.

पानं खाणाऱ्या अळ्यांचंही तसंच. पीक फुलावर येण्याआधी मीटरभर ओळीत साधारण चार अळ्या सापडल्या तरच औषधाचा विचार करायचा. एक दिसली की पंप पाठीला लावायचा नाही. ढालकिडा, कोळी, क्रायसोपा हे कीड खाणारे, म्हणून आपले. कोवळ्या तीन आठवड्यांत पाच टक्के निंबोळी अर्क बऱ्याच वेळा पुरतो. हे ऐकून एक जण म्हणाली की फवारणीचं पाणी आम्ही भरतो, डबे आम्ही धुतो, कपडे आम्ही धुतो. २०१७ साली यवतमाळकडे कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली होती. ती बातमी सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेली, पण विषय आपल्या डब्या-कपड्यांपर्यंत आला तो त्या संध्याकाळी.

वहिनीच्या बरड एकरात पहिल्या खरिपाला आलं ते असं. मूग दोन महिन्यांत निघाला, श्रावण सरता सरता. उडीद त्याच्या मागोमाग. बदनापूर केंद्राने काढलेली पांढरी तूर, बीडीएन-७११, तिच्या ओळी. मधे भेंडी, गवार, चवळीचे वाफे. कडेने अंबाडी आणि तीळ. मुगाच्या जागी रब्बीला हरभरा, चौफेर पुन्हा करडई. आकड्यांचा हिशोब मी मांडत नाही, कारण वहिनी तो मांडत नाही. ती म्हणते, “दुकानाची वही बघा आमची.” किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत डाळीची ओळ दिसेनाशी झाली. अंबाडीची भाजी आठवड्यातून दोनदा व्हायला लागली. पुतणी आधी नाक मुरडायची, आता कण्या घातलेली भाजी मागून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, वाटायलाच हव्यात. तरी ज्या घरात पालेभाजी रानातून येते आणि डाळ मोजून शिजवावी लागत नाही, त्या घरातल्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही ती उरते. मला या सगळ्या खटाटोपात ही एकच गोष्ट मोठी वाटते.

येळवसाला भज्जी झाली, तुरी ओढ्यापलीकडच्या. आई बोलली, भरपूर बोलली. मीठ कमी आहे हेही बोलली.

आता दुसरी बाजू. या एकराने वहिनीचं काम कमी झालं नाही, वाढलं. दादाच्या सात एकरांतली खुरपणी तिला चुकलेली नाही, वर हे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, बाईचं अंग मोडून येतं. पहिल्या वर्षी रानडुकरांनी एका रात्रीत चवळी झोपवली. ओढा कोरडा पडला की वाफे बंद. शाश्वत, नैसर्गिक असल्या शब्दांनी बोलणारे पाहुणे येतात, वहिनीसोबत फोटो काढतात, जीवामृताच्या पिंपात काठी फिरवून बघतात. कुणी विचारत नाही की बाई, तुझी पाठ दुखते का? आणि भाव? दोन पाट्या भेंडी घेऊन तालुक्याच्या बाजारात बसायचं तर गाडीभाडं निघालं तरी नशीब. शिकवून सगळं होतं असं मानणारी मंडळी मला जरा भोळी वाटतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि शेतकरी बाजारात त्याहून खाली विकत होता. याला शेतीशाळा काय करणार? तिच्यात उंटअळी मोजता येते, आडत नाही.

मला यातून जे दिसलं ते वेगळंच. ओसरीवर आणि दोन ओळींमध्ये बसून बायका जे शिकल्या, ते टिकलं कुणाच्या रानात? गटातल्या साधारण निम्म्या बायकांना तुकडा मिळाला, निम्म्यांना नाही. चक्रीभुंग्याची कडी दोघींनाही ओळखता येतात. तुकडा असलेलीने ती मोडली, पुढच्या वर्षी तुरीच्या ओळी वाढवल्या, पुतण्याकडून फोनवर विद्यापीठाचा पीकसल्ला वाचून घेतला, चुकली, सुधारली. तुकडा नसलेलीने घरी सांगितलं. घरचे म्हणाले, बघू. हंगाम गेला. दोन वर्षांनी तिला मी विचारलं तेव्हा तिला अळ्यांचा आकडा आठवत नव्हता. आठवून करायचं काय होतं तिला?

हे नवं शहाणपण नाही. शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात १९८६ साली बायका प्रचंड संख्येने आल्या होत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आवाहन केलं: बायकोच्या नावाने जमिनीचा हिस्सा करा. गावंच्या गावं पुढे आली, पुढे राज्य सरकारनेही त्याच नावाची योजना काढली, नवऱ्याने अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची. आणि १९९१ ला शेगावात जोशींनी चतुरंग शेती मांडली, तिच्यातली पहिली सीताशेती. बाईने आपल्या वाट्याच्या तुकड्यात, विकतच्या खता-औषधांवर न विसंबता, आधी घरच्या पोटासाठी पिकवायचं. म्हणजे वहिनीचा एकर तीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगून ठेवलेला होता, आणि बाजाराचा कैवार घेणाऱ्या माणसाने सांगितला होता, हे मला फार गमतीचं वाटतं. त्याने आधी जमीन मागितली, शिकणं नंतर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्के. जमीन ज्याच्या नावावर, सही त्याची; प्रशिक्षणाचा हजेरीपट असाच भरतो.

वहिनीचा एकर तोंडी आहे. दादा मनाने चांगला, पण उद्या ओढ्यावर बंधारा झाला, बरड रानाला पाणी आलं, तर तिथे ऊस दिसणार नाही याची खात्री मी देणार नाही. पीकविमा दादाच्या नावावर, कर्ज दादाच्या नावावर, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार दादाच्या खात्यावर. वहिनीने गांडूळ खताच्या बेडसाठी अनुदानाचा अर्ज भरायला घेतला तेव्हा पहिला कागद मागितला गेला तो तिच्या नावाचा सातबारा.

इथे माझा संबंध येतो. बाबा गेल्यावर वारस नोंदीत आमच्या तिघा भावंडांची आणि आईची नावं लागली. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींनाही मुलांइतका हक्क आहे, आणि तेव्हापासूनच ‘बहिणींनी हक्कसोड पत्र करून द्यायचं’ ही रीतही जोरात आहे. धाकटी सही करून मोकळी झाली. माझ्या सहीसाठी दादा राखीपौर्णिमेला कागद घेऊन आला होता. मी म्हटलं, “देते सही. पण आधी ओढ्यापलीकडच्या एकराला वहिनीचं नाव लागू दे.”

दादा चिडला. सरळ आहे, चिडणारच. वहिनीने तुला शिकवलं का, म्हणाला. तिला तर मी विचारलंही नव्हतं, आणि कळल्यावर तीही माझ्यावर थोडी रागावली. तिला घरात माझ्यावरून भांडण नको होतं. “अक्का, तुम्ही जाता लातूरला निघून, इथं मला ऱ्हायचंय,” असं म्हणाली, आणि त्यात काही खोटं नव्हतं. महिनाभर फोन नाही. मग दादा स्वतःच तलाठ्याकडे जाऊन आला. आधी वाटप करा, मग तुमच्या हिश्श्यात बायकोचं नाव लावता येईल, आणि वाटपाला मोजणी लागेल, असं त्याला सांगितलं गेलं. मोजणीचे पैसे भरले आहेत, जानेवारीतली तारीख मिळाली आहे.

वहिनीचा काल फोन होता. तारखेच्या आत तुरी काढून होतील का, याची तिला काळजी लागली आहे, नाहीतर मोजणीवाले साखळी टाकताना ओळी तुडवतील. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलायला सांगू का दादाला. ती म्हणाली, “न्हाई, तारीख नका हालवू. गटातल्या दोघींना सावडीला बोलावते.”